आमच्या बाळंतिणीचं ताट 'इतर'मध्ये का जातं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आदिवासी भागातल्या माता आणि बालकांच्या आरोग्याचा अजून एक सर्वे होणार अशी बातमी मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचली आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून तीस वर्षं नोकरी केली, आता रिटायर आहे. सर्वेला माझा विरोध नाही हे आधीच सांगते, मी स्वतः आयुष्यभर रजिस्टरं भरली आहेत. पण सर्वे कसा होतो, कोण करतं आणि झाल्यावर तो जातो कुठे, याबद्दल बोलायलाच पाहिजे असं मला वाटतं.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन रोवणीचे म्हणजे भातलावणीचे दिवस, सगळं गाव बांधीत म्हणजे भाताच्या शेतात, आणि अशात गाडी घेऊन पाच पोरंपोरी आली, हातात टॅब. पोरं चांगली होती, नम्र होती, त्यांना दोष नाही. त्यांना दोन महिन्यांच्या आतली बाळंतीण पाहिजे होती, ती एकच होती गावात, तिला बांधीतून बोलावून आणलं. ती माडिया बोलणारी, प्रश्न मराठीत, मधे मी. दीड तास चाललं ते. बाळ रडत होतं, ती एकदा पाजत होती एकदा उत्तर देत होती. मग प्रश्न आला की काल सकाळपासून काय काय खाल्लं. ती म्हणाली जावा. म्हणजे आंबील, आमच्याकडे सकाळी तेच पोटात जातं. यादीत जावा नव्हता, पोरीने 'इतर'वर बोट ठेवलं. मग वास्ते म्हणाली, म्हणजे बांबूचे कोंब, पावसाळ्यात घरोघरी असतात, तेही इतर. तरोट्याची भाजी, इतर. ओढ्यातली बारीक मासोळी मात्र मासे म्हणून कुठेतरी बसली. मी म्हटलं अगं तरोटा हिरवी पालेभाजी आहे, तिथे टाक ना, तर ती म्हणाली मॅडम ऑप्शनमध्ये पालक मेथी असं लिहिलंय, मला बदलता येत नाही. वर्षभराने तालुक्याच्या एका मीटिंगमध्ये पडद्यावर स्लाइड आली की या भागातल्या स्तनदा मातांच्या आहारात विविधता फार कमी आहे. मी मागे बसले होते, काही बोलले नाही. आज वाटतं तेव्हाच उठायला पाहिजे होतं. आमच्या बाया पोटभर चांगलं खातात असं माझं म्हणणं नाही, तेल नाही, डाळ कमी, रक्त कमी, ते मी रोज बघितलंय. पण तिने जे खाल्लं त्याला फॉर्ममध्ये नावच नव्हतं, मग ती काय खात नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं?

आणि गंमत म्हणजे (खरं तर दुःखच आहे) यापेक्षा वेगळं कसं करायचं हे शिकायला कुठे लांब जायची गरज नाही, आमच्याच जिल्ह्यात ते झालेलं आहे आणि जगाने ते उचललं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ च्या सुमाराला इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, ते १९८९ ला 'लॅन्सेट' या डॉक्टरी मासिकात छापून आलं. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोवर गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, बाकी काही नाहीच असा सगळ्यांचा समज. अंगावरून पांढरं जातं हे बाई नवऱ्यालाही सांगत नाही, ती टॅबवाल्याला सांगेल का? ती सांगते दाईला. म्हणून आधी दाया आणि गावातल्या बाया सोबत आल्या, त्यांच्याच शब्दांत बोलणं झालं, आणि तपासणी नंतर.

'सर्च'च्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे श्वास मोजायचं साधन. लहान लेकरं न्यूमोनियाने जायची, आणि न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजायला लागतं. दाईला पन्नास साठपर्यंत मोजता येत नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की अडाणी बाया आहेत, यांच्याने होणार नाही. इथे काय केलं, एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ घेतलं आणि त्याच्या शेजारी मणी ओवले. दाईने दहापर्यंत मोजायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, परत एकपासून सुरू. वाळू अजून पडतीये आणि मणी संपले, म्हणजे लेकराचा श्वास जोरात चाललाय, औषध सुरू करायचं. मी ते एका म्हाताऱ्या दाईच्या हातात बघितलंय. बाळाच्या पोटावरचं पांघरूण तिने बाजूला केलं, डोळे पोटावर, ओठ हलतायत, अंगठ्याने मणी. खोलीत दुसरा आवाज नाही. मी ट्रेनिंग घेतलेली नर्स, पण त्या दिवशी तिच्यासमोर शाळेतल्या पोरीसारखी बसले होते.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी सुरू झाली, आणि ४७ गावं तुलनेसाठी होती. गावातलीच एक बाई निवडायची, तिला आरोग्यदूत म्हणायचं, तिने बाळंतपणाला हजर राहायचं, झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, बाळ गार पडलंय का, दूध ओढतंय का, रडणं मंद झालंय का ते बघायचं, आणि जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनसुद्धा तिनेच द्यायचं. खेड्यातल्या बाईच्या हातात सुई म्हटल्यावर भल्याभल्यांच्या पोटात गोळा आला असेल. पण तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांत हजार जन्मांमागे महिन्याच्या आत दगावणारी बाळं २५ च्या आसपास आली, आणि तुलनेच्या गावांत ती ६० च्या आसपास होती. १९९९ च्या डिसेंबरला हे 'लॅन्सेट'मध्ये आलं, २०११ पासून देशभरातल्या आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाच्या घरी जातात त्याचं मूळ हे आहे. शहरात राहणाऱ्या तुमच्या किती वाचकांना हे माहीत असेल देव जाणे.

हे मी कुणाची आरती ओवाळायला सांगत नाहीये. त्या गावांत मोजणारी बाई गावातलीच होती, मेलेलं लेकरू तिच्या शेजारणीचं होतं, म्हणून मृत्यू सहसा लपत नव्हते. सरकारी रजिस्टरमध्ये मृत्यू लपतात हे मला कोणी शिकवायला नको. जन्मून दोन तासांत गेलेलं बाळ नोंदवलंच जात नाही, 'उपजत मेलेलं' म्हणून मोकळे होतात, वरून विचारणा नको म्हणून. २००१ ला 'कोवळी पानगळ' हा बालमृत्यूंचा अहवाल आला तोही असाच, गावागावांत संस्थांनी स्वतः मोजून काढलेला, आणि तेव्हा कळलं की कागदावर न आलेली लेकरं किती आहेत.

झारखंड आणि ओडिशातही असं काम झालंय. 'एकजुट' नावाची संस्था आहे, संथाळ, मुंडा, 'हो' अशा आदिवासी समाजांच्या गावांत बायांचे गट करून महिन्याला एक बैठक, चित्रं, गोष्टी, आणि आपल्या गावात बाळंतीण कशाने जाते, बाळ कशाने जातं, आपण काय करू शकतो हे बायांनीच ठरवायचं. तीन वर्षांत नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ३२ टक्के कमी, २०१० ला छापून आलं. त्या बैठकीत कुणी डॉक्टर बसत नव्हता, गट चालवणारी बाईसुद्धा त्याच भागातली.

एका ट्रेनिंगला कॅनडाचं ऐकलं होतं ते विसरत नाही. तिकडे उत्तरेला इनुइट लोक राहतात, त्यांच्या बायांना बाळंतपणासाठी विमानाने दूर दक्षिणेच्या शहरात नेऊन ठेवायचे, कित्येक आठवडे, एकटं. बायांनी आवाज उठवला आणि १९८६ ला पुविर्नितुक नावाच्या त्यांच्या गावातच बाळंतपणाचं केंद्र सुरू झालं, सुईणी तिथल्याच पोरी शिकवून तयार केल्या. मला लगेच आपलं माहेरघर आठवलं, दिवस भरत आलेल्या बाईने दवाखान्याजवळ येऊन राहायची सोय. योजना चांगली आहे, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची गावंच्या गावं तुटतात, कळा सुरू झाल्यावर खाटेची कावड करून कुठपर्यंत नेणार, आधीच दवाखान्याजवळ येऊन राहिलेलं बरं. पण बाई येत नाही म्हणून आम्ही तिलाच रागवतो. मी पण रागवलेय. तिला विचारा तर ती म्हणते मोहाचे दिवस आहेत, घरी दोन लहान आहेत, सासू आंधळी, कोंबड्या कोण बघेल. यावर एखादा अभ्यास करा ना, तिच्यासोबत बसून, की काय केलं तर तुला आठ दिवस येता येईल. तो अभ्यास मला आजपर्यंत दिसला नाही. माहेरघरात किती बेड रिकामे याचा आकडा मात्र दर महिन्याला वर जातो.

कुर्माघराचंही तसंच. पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या झोपडीत राहावं लागतं, तिथे साप विंचू, पावसात ओल, फोटो काढायला सगळे येतात. प्रथा बंद व्हावी असंच मला वाटतं, मनापासून. पण गायता (गावचा मानकरी), पुजारी आणि म्हाताऱ्या बाया यांच्याशी न बोलता नुसता अहवाल लिहून ती बंद होणार नाही, आणि तोवर त्या पोरींना निदान दार लागणारी, दिवा असलेली खोली तरी मिळावी.

संपादक महोदय, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. तिथे अभ्यासगट बसतो, आधी विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, आणि निर्णय ग्रामसभेत घ्यायचा. गोंड लोकांना अभ्यास करता येतो हे त्यांनी जंगलाच्या बाबतीत दाखवलंय, बाळंतिणीच्या बाबतीत का येणार नाही? आदिवासी भागासाठी केलेल्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मान दिलेला आहे, मग सर्वे करणाऱ्याने आधी ग्रामसभेत येऊन सांगावं की मी हे हे विचारणार, यासाठी विचारणार. प्रश्न चार बायांना आधी वाचून दाखवावेत, त्या सांगतील कुठला शब्द चुकलाय. माडिया गोंडी बोलणारी पोरगी सोबत असावी आणि तिला पूर्ण पगार असावा, आशाताईला फुकटात दिवसभर फिरवू नये. बाईचा दीड तास गेला तर त्या दिवसाची रोवणीची मजुरी तिला द्यावी, यात भीक वगैरे काही नाही. आणि निष्कर्ष निघाला की तो छापायच्या आधी गावात येऊन त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. माझ्या त्या स्लाइडच्या वेळी एक जरी बाळंतीण तिथे बसलेली असती तर तिने सांगितलं असतं की बाबा मी जावा खाल्ला, वास्ते खाल्ले, तरोटा खाल्ला, मासोळी खाल्ली, फक्त पोट भरलं नाही कारण ते पाच जणांत वाटलं. ही खरी माहिती होती. ती कुठेच नाही आली.

ती बाळंतीण आता अंगणवाडीत मदतनीस आहे. मागच्या महिन्यात भेटली तर विचारत होती, सिस्टर, त्या लोकांनी माझ्या बाळाचं वजन करून लिहून नेलं होतं, ते बरोबर होतं का कमी होतं? मला सांगता आलं नाही. नवीन सर्वेवाले आमच्याकडे येणार असतील तर पहिल्या दिवशी मी स्वतः त्यांना तिच्या घरी घेऊन जाईन, मराठीतून माडियात करून द्यायला मी आहेच.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
जि. गडचिरोली