तोंड उघडलं की बेस गायब

दि. ८ ऑक्टोबर २०२५

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : कानाच्या मापाचे इन-इअर मॉनिटर नव्याने माप घेऊन मोफत बनवून मिळण्याबाबत

महोदय,

मी सांगलीला राहतो, ऑर्केस्ट्रात गातो. गणपतीआधी आपल्याकडून कस्टम इन-इअर, म्हणजे स्टेजवर स्वतःचं गाणं ऐकायला कानाच्या आत घालायचे, माझ्याच कानाच्या मापाचे पीस बनवून घेतले, ३८,००० रुपये मोजून. सहा कार्यक्रमांची बिदागी त्यात गेली, तेव्हा पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

तक्रार एवढीच आहे की तोंड मिटून बसलो तर आवाज सुरेख येतो, आणि गायला तोंड उघडलं की डाव्या कानातला बेस, म्हणजे खालचे जाड स्वर, जातो. यावर आपलं १ ऑक्टोबरचं उत्तर असं : "आपल्याला हेडफोनची सवय असल्याने बेस कमी वाटत असावा. उत्पादनात दोष नाही."

हेडफोन माझ्याकडे आहे, रियाजाचं रेकॉर्डिंग मी त्यावरच ऐकतो. तो कानावर बाहेरून बसतो, पाळीवरून फिरून आवाज आत येतो, त्यामुळे गाणं जरा मोकळं वाटतं. इन-इअर थेट कानाच्या नळीत बोलतो. फरक असणारच, आणि आठवडाभरात त्याची सवयही झाली. पण सवयीचा फरक एकाच कानात कसा येईल? आणि जबड्याबरोबर ये-जा कशी करेल?

मी घरी तपासलं. केबलचे दोन्ही पिन डावे-उजवे बदलून लावले, तरी दोष डावीकडेच राहिला. मग तोंड उघडं ठेवून डावा पीस बोटाने आत दाबला, तर बेस लगेच परत आला. म्हणजे केबलही ठीक, आतले ड्रायव्हर, म्हणजे छोटे स्पीकर, तेही ठीक. हवा निसटतेय. कानात कोंडलेल्या चिमूटभर हवेवर यातला बेस उभा असतो. फट पडली की खालचे स्वर आधी पळतात. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी खेटून असतो, तोंड उघडलं की नळीचा आकार बदलतो. म्हणूनच गाणाऱ्याचं माप दातांत ठोकळा धरून, तोंड उघडं ठेवून घेतात. हे मी आपल्याला शिकवत नाही, आपल्याच माहितीपत्रकात छापलेलं आहे.

आपण नेमून दिलेल्या पुण्याच्या केंद्रात मात्र काय झालं? बाईंनी कानात दिवा घालून पाहिलं, दोरा बांधलेला स्पंज आत सरकवला, पिचकारीने सिलिकॉन भरलं आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं बोलायचं नाही, तोंड मिटून बसा." ठोकळ्याचं विचारलं तर, "श्रवणयंत्राच्या मोल्डला आम्ही असंच घेतो." बाई बोलायला चांगल्या होत्या. मी गप्प बसलो, तीच चूक झाली.

पहिल्या कार्यक्रमात अंतऱ्याला वर गेलो आणि बेस गिटार गेली. फटीतून शेजारचा ड्रमसेट आत शिरला. मी साउंडवाल्याला बोटाने वर, वर करत राहिलो. आवाज कमी ठेवून स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून ही वस्तू घेतली होती, आणि घरी आलो तो कानात शिट्टी घेऊन. दुसऱ्या दिवशी डावा पीस काढून गायलो. मग तर उघड्या कानाला स्टेजचा सगळा गोंगाट आणि त्याच्या वर जायला उजव्याचा आवाज आणखी मोठा. आमचे कीबोर्डवाले म्हणाले, "हेडफोनच घालून उभे राहा, लोकांना वाटेल आकाशवाणीवरून आलेत."

भाचा असेच इन-इअर लावून एसटीत गाणी ऐकतो आणि खूश आहे. त्याला काय, त्याला गायचं नाही!

आपल्या वॉरंटी कार्डावर ३० दिवसांत फिटिंग मोफत दुरुस्त करण्याचं वचन आहे. पीस २० ऑगस्टला मिळाले, मी २९ ऑगस्टला ईमेल केला. नंतरचे दिवस आपल्या उत्तरांची वाट पाहण्यात गेले, आणि आता आपणच मुदत संपल्याचं सांगता. याला कानाडोळा म्हणावं की आणखी काही?

दोन्ही कानांचं माप तोंड उघडं ठेवून नव्याने घ्या आणि पीस आपल्या खर्चाने बनवून द्या. जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा. तुळशीचं लग्न झालं की आमची लग्नसराई सुरू होते, त्याआधी हे व्हायला हवं. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक गायक ग्राहक, सांगली

सोबत : पावती, वॉरंटी कार्ड आणि सर्व ईमेलच्या प्रती. पीस पाठवलेले नाहीत, शनिवारी कार्यक्रम आहे.