गुडघ्याची गादी आणि स्टेम सेलचं पॅकेज

संपादक साहेब,
हल्ली पेपरात घालून येणाऱ्या पत्रकांत आणि व्हॉट्सॲपवर 'ऑपरेशनशिवाय गुडघ्याची गादी परत' अशा स्टेम सेलच्या (म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशींच्या) जाहिरातींचा नुसता सुळसुळाट झालाय. आईसाठी मी एका क्लिनिकमध्ये चौकशी केली तर काउंटरवरच्या मुलीने एक्स-रे बघायच्या आधीच दोन्ही गुडघ्यांचं पॅकेज आणि वर ईएमआय सांगून टाकला! कूर्चेला, म्हणजे गुडघ्यातल्या या गादीला, रक्तपुरवठाच नसतो म्हणून ती झिजली की आपोआप भरून येत नाही हे खरंय, आणि स्टेम सेलवर काम चालूये तेही खोटं नाही. दक्षिण कोरियात 2012 मध्येच नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेलपासून बनवलेल्या कार्टिस्टेम या उपचाराला मान्यता मिळाली, पण ते ऑपरेशन करून कूर्चेतल्या खड्ड्यात भरावं लागतं, सुई टोचली की झालं असं नाही. आपल्याकडेही 2022 मध्ये बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या गुडघ्यासाठीच्या स्टेम सेल इंजेक्शनला रीतसर परवानगी मिळालीये. मग पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी त्याच दिवशी गुडघ्यात सोडणारे हे बाकीचे कशाच्या जोरावर दुकान मांडून बसलेत? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या गाईडलाइन्स सांगतात की मान्यता नसलेली स्टेम सेल थेरपी फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच द्यायची, आणि ट्रायल म्हटलं की पेशंटकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. मी त्या मुलीला ट्रायलचा सीटीआरआय नंबर (देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीचा नंबर) विचारला तर म्हणाली, डॉक्टर राऊंडला गेलेत. एफडीएने (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने) या जाहिरातींकडे जरा बघावं, आणि तुम्हीही पेपरात असली पत्रकं घालणाऱ्यांना विचारा की.

– एक वाचक, नाशिक