दाजींचा सातबारा आणि हार्वर्डचा फॉर्म

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "भाची एवढी हुशार आहे, स्कॉलरशिप मिळेलच की!" तिथंच गोची आहे बाबा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन पदवीला हुशारीबद्दल दमडी देत नाहीत. आत येणारी सगळीच हुशार, मग कुणाकुणाला द्यायची? पैसे मिळतात ते घरची ऐपत बघून, पण मग हात आखडता नाही. हार्वर्डनं २०२५-२६ पासून वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना फी, राहणं, जेवण सगळं माफ केलंय. अट एवढीच, की मालमत्ता चारचौघांसारखी हवी.

त्या मालमत्तेवरच आमचं घोडं अडलं. काल पिंपळगावला ताईकडे भाचीचा हार्वर्डच्या मदतीचा फॉर्म भरायला बसलो. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे रिटर्न कोरं. यंदा ऐन तोडणीत पाऊस आला, द्राक्षाचे मणी तडकले, व्यापारी बाग बघून निघून गेला. उत्पन्नाच्या रकान्यात घालायचं काय? आणि खालच्या रकान्यात आग्रा रोडलगतची चार एकर! बाजारभाव लिहिला तर दाजी कोट्यधीश. ते सातबारा हातात धरून म्हणाले, "विकली तर श्रीमंत, ठेवली तर सोसायटीच्या कर्जाचा थकबाकीदार. ह्यातलं काय लिहू, भाऊ?" ताईनं चहा पुढं केला, तोही गार झाला.

तरी मी ऐपत बघण्याच्याच बाजूचा. आपल्याकडे गुणवत्ता म्हणजे पुष्कळदा दोन वर्षांच्या क्लासची पावती असते (माझ्या चिरंजीवांचीही, हे तुझ्याजवळच कबूल करतो). आयआयटीनं २०१६ मध्ये फी नव्वद हजारांवरून दोन लाख केली, तेव्हा एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना ती पूर्ण माफ, पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ ठेवली. ते मला पटतं. गुणांवर सवलत देणारी विद्यापीठं अमेरिकेतही ढीगभर आहेत, पण ती बहुतेक टॉपर ओढायला दिलेली सूट.

एक धास्ती मात्र आहे. मदत मागितली म्हणून परदेशी मुलाचा अर्ज मागे न सारणारी ठिकाणं थोडीच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी त्यातली. बाकी बऱ्याच ठिकाणी पैसे मागितले की प्रवेशाची शक्यताच घटते. पोरीला हे अजून सांगितलेलं नाही.

तू बँकेत शेतकर्जाच्या फायली बघतोस. जमीन आहे पण हातात पैसा नाही, हे पानभर कसं मांडायचं, तेवढं लिहून पाठव. इंग्रजी मी करून घेतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या