मेकॅनिझम फेकू नकोस, आधी लांबी मोज

लातूर
मे अखेर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही व्हिडिओ नीट पाहिले. एका पेनचं बटण आत जातं पण अडकत नाही, दुसऱ्याची रिफील बाहेर आली की परत आत जाईनाशी झालीय, आणि तिसरं कधी चालतं, कधी नाही. मेकॅनिझमचा, म्हणजे बटणाखालच्या क्लिकच्या यंत्रणेचा, लॉटच खराब आलाय, सगळा परत करते, असं तू म्हणतेस. जरा थांब. हे तीन दोष तीन वेगळ्या जागचे आहेत आणि बहुधा त्यांतला एकही मेकॅनिझममधला नाही. लेथवर कातलेल्या पेनमध्ये मेकॅनिझम तयार येतं, पण त्याच्या पुढचं-मागचं प्रत्येक अंतर आपण ठरवतो. म्हणून शोध तिथून सुरू करायचा.

आधी आत काय चालतं ते बघ. बटणाच्या दांड्याच्या खालच्या कडेला तिरके दात असतात. त्याखाली एक छोटी फिरकी असते, तिलाही तसेच तिरके दात. बाहेरच्या कवचाला आतून उभ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक खोल खोबण, एक उथळ खाच अशी आळीपाळीने रचना. बटण दाबलं की फिरकी पुढे सरकते. पट्टीचं टोक ओलांडलं की स्प्रिंग तिला मागे रेटते आणि दातांच्या उतारावरून घसरत ती थोडी फिरते. उथळ खाचेत बसली तर रिफील बाहेर राहते, खोल खोबणीत गेली तर आत येते. म्हणजे क्लिक बसायला दोनच गोष्टी लागतात. फिरकी पट्टीपलीकडे जाईल इतकं बटण दाबलं गेलं पाहिजे, आणि तिला मागे आणणारा जोर पुरा पडला पाहिजे. हा जोर फक्त टोकातल्या स्प्रिंगचा असतो, मेकॅनिझममध्ये स्वतःचा जोर नसतोच. त्यामुळे ते सुटं काढून नुसतं खटखटवलं तर चांगलं असलेलंही मेकॅनिझम सैल आणि निकामी वाटतं. तू ते तसंच तपासलं असणार.

खरी तपासणी अशी कर. पेन उघडून टोक आणि स्प्रिंग बाजूला ठेव. मेकॅनिझम उकलून त्यात रिफीलचं शेपूट बसव. रिफीलचं लिहायचं टोक एखाद्या लाकडाच्या तुकड्यावर टेकव आणि मेकॅनिझमचं कवच बोटांनी धरून बटण दाब. आता स्प्रिंगचं काम तुझा हात करतोय. कवचावर हलका दाब ठेवून बटण पंधरा-वीस वेळा दाब आणि सोड. दर वेळी अडकलं आणि सुटलं, तर मेकॅनिझम ठणठणीत आहे. दोष नळीत, स्प्रिंगमध्ये किंवा रिफीलमध्ये शोधायचा. इथेही चुकलं तरच ते बदलायचं. तिन्ही पेनांची ही परीक्षा घेतल्याशिवाय दुकानदाराला फोन करू नकोस.

आता लांबी. जास्तीत जास्त पेनं इथंच बिघडतात, म्हणून हे सावकाश वाच.

लाकडी ठोकळ्यात पितळी नळी चिकटवल्यावर ठोकळ्याची टोकं ट्रिमरने, म्हणजे टोक काटकोनात कापणाऱ्या कटरने, सपाट करतो. पितळेची कड गोल चमकली की थांबायचं असतं. त्यापुढचा प्रत्येक फेरा लाकडाबरोबर नळीही कमी करतो. नळी १ मिलिमीटर कमी झाली की रिफील दोन्ही अवस्थांत १ मिलिमीटर पुढे येते. बटण सोडलेलं असतानाही टोक बाहेर डोकावतं आणि गिऱ्हाइकाच्या खिशाला शाईचा डाग पडतो. वर स्प्रिंग मुळातच जास्त दाबलेली राहते. बटण पूर्ण दाबायच्या आत तिचे वेढे एकमेकांना टेकतात, फिरकी पट्टीपलीकडे पोचत नाही, आणि मग बटण दाबलं जातं पण अडकत नाही. तुझ्या पहिल्या पेनचं हेच झालंय असं मला वाटतं. त्यात बटण दाबताना शेवटी एकदम कडक लागतंय, ते व्हिडिओतही कळतं.

उलटी बाजूही असते. लाकूड पितळेच्या पुढे राहिलं, किंवा कपलर (नळीच्या तोंडात दाबून बसवायचा जोडतुकडा) पूर्ण दाबला गेला नाही, तर अंतर वाढतं. मग रिफील पुरेशी बाहेर येत नाही, स्प्रिंगवर दाब कमी पडतो, बटण हललं की खुळखुळतं आणि फिरकी अर्ध्यातच राहते. क्लिक कधी बसतो, कधी नाही. तिसऱ्या पेनमध्ये आधी हेच बघ.

मोजायचं व्हर्नियर कॅलिपरनेच, पट्टीने नाही. पेनच्या सुट्या भागांचं किट उघडल्याबरोबर, चिकटवायच्या आधी, नळीची लांबी मोज आणि वहीत लिही. ट्रिमिंग झाल्यावर पुन्हा मोज. फरक ०.२ मिलिमीटरच्या आत असेल तर निर्धास्त राहा. अर्धा मिलिमीटर गेला असेल तर काही पेनं चालतात, काही नाहीत. १ मिलिमीटर गेला की उपाय केल्याशिवाय जोडू नकोस. रिफील बाहेर असताना टोकापुढे २ ते ३ मिलिमीटर दिसावी आणि आत असताना काहीच दिसू नये, हा शेवटचा निकाल.

आखूड नळीवर उपाय आहे. त्याच मापाच्या उरलेल्या पितळी नळीतून जेवढी कमी पडली तेवढ्या जाडीची कडी बारीक दातांच्या करवतीने काप, पॉलिश पेपरवर दोन्ही बाजू सपाट कर आणि टोकाकडचा कपलर दाबताना मध्ये बसव. लाकूड आणि टोकाच्या मध्ये पितळेची बारीक रेघ दिसेल, ती वाईट दिसत नाही. रिफीलचं शेपूट कापून लांबी जमवायचा सोपा मार्ग तुला कुणीतरी सुचवेल. तसं करू नकोस. ती रिफील संपल्यावर गिऱ्हाईक नवी घालेल आणि पेन पुन्हा अडेल. शिवाय त्या शेपटावरच्या खाचांना काम आहे. १९५४ साली आलेल्या पार्कर जॉटरमध्ये दर क्लिकला रिफील थोडी फिरते, म्हणजे टोकाची गोळी एकाच बाजूने झिजत नाही. आपल्या किटमधल्या रिफीलचा नमुना तोच आहे.

लाकूड पुढे राहिलं असेल तर कपलर मागून सळई घालून ठोकून काढ आणि ट्रिमरचे दोन हलके फेरे दे. दोनच, आणि मग पुन्हा माप.

लांबी बरोबर असूनही क्लिक अडतो तेव्हा काटकोन बघ. ट्रिमरची धार गेली की तो लाकूड कापण्याऐवजी चुरतो आणि टोक किंचित तिरकं होतं. सागावर हे लवकर कळत नाही, पण बाभळीच्या गाभ्यासारख्या कठीण लाकडावर बोथट धार हमखास भटकते. तिरक्या टोकावर कपलर तिरका बसतो, मेकॅनिझम कलतं आणि दांडा एका बाजूला घासतो. नळी काचेवर उभी करून मागे मोबाईलचा टॉर्च धर. खालून उजेडाची फट दिसली तर टोक सरळ नाही. जोडलेलं पेन असेल तर काचेवर लोळव आणि बटणाकडे बघ. बटण वरखाली डोलत असेल तर तेच कारण.

क्लिपची कडीही असंच करते. वरची चकती फार आवळली की क्लिप तिरकी होते आणि दांड्याला दाबते. चकती पाव फेरा सैल करून बटण दाबून बघ. मोकळं चाललं तर तिथंच थांबायचं.

दुसऱ्या पेनची रिफील आत जात नाही, म्हणजे एकतर स्प्रिंग हरली आहे किंवा वाटेत काहीतरी घासतंय. स्प्रिंग बाहेर काढून नव्या स्प्रिंगशेजारी उभी कर. बुटकी दिसली किंवा वेढ्यांमधलं अंतर कमीजास्त असलं तर बदल. ओढून लांब केलेली स्प्रिंग चार दिवस चालते आणि पुन्हा बसते, तो नाद नको. जुन्या प्लॅस्टिकच्या पेनातली स्प्रिंगही घालू नकोस, तिची तार आणि घेर वेगळा असतो. घेर मोठा असेल तर ती टोकाच्या भिंतीला घासते आणि लहान असेल तर रिफीलच्या नाकात रुतते. स्प्रिंगचा शेवटचा वेढा बाहेर आलेला असेल तर तो टोकाच्या आतल्या पायरीत अडकतो. एक बाजू निमुळती असेल तर ती रिफीलच्या टोकाकडे ठेवायची.

स्प्रिंग चांगली असेल तर टोकाच्या छिद्रात बघ. पॉलिशचं मेण आणि लाकडाचा भुसा तिथं बसून घट्ट होतो. सुटं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ बुडवून ठेव, कापसाने आतून पुस आणि पूर्ण वाळव. टाचणीने कोरू नकोस, छिद्राची कड खरवडली तर रिफील कायमची घासेल.

पेन जोडल्यावर त्यावर पॉलिश पेपर फिरवायचाच नाही. लेथवरच फिनिश पुरं करायचं, नळी आतून पुसायची आणि मगच जोडायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ दार लावलं तरी आत येते, म्हणून मेकॅनिझमची पाकिटं जोडणीच्या क्षणापर्यंत बंद ठेव. आणि तेल सोडू नकोस. शिलाई मशीनचं तेल धूळ धरतं. खोबरेल तर मुळीच नको, ते २४ अंशांच्या खाली थिजतं आणि डिसेंबरच्या थंडीत बटण जड होतं. फारच घासत असेल तर टाचणीच्या टोकावर राहील एवढं सिलिकॉन ग्रीस दांड्याला लाव, बस.

चिकटवण्याबद्दल दोन गोष्टी. नळी चिकटवताना तिचं तोंड आधी बटाट्याच्या चकतीत दाबून बंद करायचं, म्हणजे इपॉक्सी आत जात नाही. जोडायच्या आधी काडीने तो बटाटा काढायला विसरू नकोस. आत गेलेला इपॉक्सी गोल कानशीने काढ, नाहीतर कपलर सरळ बसणार नाही. कपलर सैल असेल तर त्याच्या बाहेरच्या अंगाला इपॉक्सीचा ठिपका दे आणि मेकॅनिझम न लावता रात्रभर ठेव. पातळ इन्स्टंट ग्लू मेकॅनिझमच्या जवळही नको. तो बारीक फटीतून आपोआप आत ओढला जातो आणि फिरकी कायमची जाम होते. ॲसिटोनने ग्लू सुटतो, पण आतलं प्लॅस्टिकही मऊ पडतं, म्हणून असं मेकॅनिझम वाचत नाही.

दाबायला व्हाइस वापरतेस ते ठीक, पण दोन्ही जबड्यांना लाकडाच्या फळ्या लाव आणि कपलरच दाब. मेकॅनिझमचं कवच पातळ पितळेचं असतं. पक्कडीने धरलं की चेपतं, आणि चेपलेल्या कवचात फिरकी फिरत नाही. ते हाताने आवळायचं. वापरता वापरता आटे ढिले पडून ते उकलत असेल तर टेफ्लॉन टेपचा एक वेढा पुरतो. थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारा ग्लू) नको, त्याने आतल्या प्लॅस्टिकला तडे जातात.

रिफीलच्या नावात मोठा घोटाळा आहे, तो गिऱ्हाइकांनाही सांग. आपल्या पेनला पार्कर नमुन्याची रिफील लागते. तिच्या प्रमाणित मापाचं नाव जी-२ आणि लांबी सुमारे ९८ मिलिमीटर. पायलट कंपनीच्या एका जेल पेनाचं नावही जी-२ आहे, पण त्याची रिफील लांब असते आणि आपल्यात बसत नाही. दुकानात नुसतं ‘जी-टू द्या’ म्हटलं की तीच हातात येते. पार्कर नमुन्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त रिफिलीही थोड्या आखूड किंवा लांब निघतात. किटमधली मूळ रिफील शेजारी धरून बघितल्याशिवाय नवी घालायची नाही. पेनबरोबर छोट्या कागदावर ‘पार्कर नमुन्याची रिफील’ असं छापून दे.

उन्हाचंही लिहिते, कारण तुझं एक पेन ‘गाडीत ठेवल्यावर’ बिघडल्याचं तू म्हणालीस. साधा इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्याही वर जातो. नळी लाकडात जराशी सरकली की सगळी मापं बदलतात. ते पेन हातात धरून टोक आणि बटण विरुद्ध दिशांना हलकेच पिळून बघ. आतून काही फिरल्यासारखं वाटलं तर नळी सुटली आहे, तिथं क्लिक दुरुस्त करण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला दुसरं पेन दे. पुढच्या खेपेला नळी पॉलिश पेपरने आडवी-तिडवी खरवडून मगच चिकटव, गुळगुळीत पितळेवर इपॉक्सीची पकड कमी असते.

कामाचा क्रम एवढाच धर. आधी मेकॅनिझमची हातावरची परीक्षा, मग मूळ रिफील घालून बघणं, मग नवी स्प्रिंग, मग व्हर्नियर, आणि कपलर ठोकून काढणं सगळ्यात शेवटी. उगं आधीच ठोकाठोक केलीस तर चांगली नळी खराब होईल.

सोबत पाकिटात दहा स्प्रिंगा, पितळी नळीचा एक वीतभर तुकडा आणि धार लावून आणलेला ट्रिमर पाठवते आहे. पहिल्या पेनची नळी मोजून आकडा कळव, कडी किती जाडीची काप ते त्यावरून सांगते.

तुझी,
आई