घर कोणाच्या भाटात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात वसाहतोत्तर, म्हणजे परकीय राज्यातून सुटलेल्या देशांच्या, कादंबरीवर पानभर लेख आला. लेख कष्टाने लिहिलेला आहे, त्याबद्दल वाद नाही. लेखक नायजेरिया, केनिया, त्रिनिदाद, लंडन असे सगळीकडे फिरून आले. पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात मात्र आले नाहीत; त्यांच्या यादीत गोव्याचे एक नाव तेवढे आहे, लक्ष्मणराव सरदेसाई, तेही नुसते ‘मराठी कथाकार’ म्हणून. १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत परकीय राज्यात राहिलेला मुलूख महाराष्ट्राला खेटून आहे, आणि ‘आपण कोण, आपण कुठले’ या प्रश्नावरचे मराठी लेख अजूनही इंग्रजी कादंबऱ्यांपाशी सुरू होऊन तिथेच संपतात.

मी फोंड्याकडचा, निवृत्त शिक्षक. मुक्तीच्या वेळी दहा वर्षांचा होतो. सकाळी पोर्तुगीज शाळेत ‘प्रिमेरु ग्राव’ (प्राथमिकची पहिली परीक्षा) आणि संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत मराठी, अशी आमची दुहेरी पाटी. वडिलांचे ‘सेगुंदु ग्राव’ (त्यापुढची परीक्षा) झालेले, त्यामुळे गावातले लोक अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे येत. अर्ज पोर्तुगीजमध्ये, हिशेबाची वही मराठीत, भांडण कोकणीत. यातली आपली भाषा कोणती, हे तेव्हा कोणी विचारले नाही. विचारायला लागले ते पुढे.

या प्रश्नावरच्या पोर्तुगीज कथा-कादंबऱ्या गोव्यात आहेत, आणि त्या बऱ्याच जुन्या आहेत. नावेलीचे फ्रांसिश्कु लुइश गोमिश हे पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी होते. त्यांची ‘उश ब्रामनिश’ ही कादंबरी १८६६ची, म्हणजे सत्तावन्नच्या बंडाला दहा वर्षे होतात न होतात तोच आलेली. आणि ती गोव्यात घडत नाही, अवधमध्ये घडते. पोर्तुगीज प्रजाजन असलेला गोंयकार इंग्रजांच्या हिंदुस्थानावर, तिथल्या गोऱ्यांच्या अहंकारावर आणि आपल्याकडच्या जातीच्या अहंकारावर एकाच दमात लिहितो. स्वतःच्या राज्यकर्त्यांना मात्र तो जरा सांभाळूनच घेतो, हेही सांगितले पाहिजे.

मला अधिक जवळच्या वाटतात त्या विमला देवींच्या कथा. हे टोपणनाव आहे. बाई गोव्यातल्या ब्रिटोनाच्या, ख्रिस्ती भाटकार (जमीनदार) घराण्यातल्या. जन्म १९३२चा. पुढे त्या लिस्बनला गेल्या आणि ‘मोंसांव’ (मॉन्सून) हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली तिथेच निघाला. गोवा मागे राहिलेला, राज्य बदललेले, आणि बाई दूर बसून हिंदू नावाने, पोर्तुगीज भाषेत, आपल्या गावच्या माणसांबद्दल लिहितात. त्यांची एक कथा ध्रुवा नावाच्या हिंदू मुलीची आहे. नवरा शिकायला पोर्तुगालला गेलेला आणि ही इथे वाट पाहत बसलेली. दुसऱ्या एका कथेचे नाव ‘जेंरु-कोमेंसाल’. याचे इंग्रजी करताना अनुवादकाला थांबून विचार करावा लागत असेल. मराठीत आपण एका शब्दात मोकळे होतो: घरजावई.

याच संग्रहात भाटकार आणि मुंडकार भेटतात, आणि माझे सगळे म्हणणे त्या दोन शब्दांत आहे. मुंडकार म्हणजे कूळ नव्हे. कूळ शेत कसते. मुंडकार जमीनदाराच्या भाटात, म्हणजे त्याच्या माडांच्या बागायतीत, घर बांधून राहतो. घर मुंडकाराचे, खालची जमीन भाटकाराची. माझे आजोबा मुंडकार होते. छपराचे गवत काढून नळे घालायचे तर आधी भाटकाराच्या बलकांवापाशी (ओसरीपाशी) उभे राहून विचारावे लागे. त्याच्याकडे लग्नकार्य निघाले की आमच्या घरातली दोन माणसे आठवडाभर तिकडे राबायला जात, पैशाचा विषय निघत नसे. आजी अंगणात कधी माड लावू देत नसे. म्हणायची, ‘आम्ही उदक घालचें आनी नाल्ल ताणें व्हरचे?’ (पाणी आम्ही घालायचे आणि नारळ त्याने न्यायचे?) मुंडकारांना घराबाहेर काढता येऊ नये म्हणून कायदा झाला तो १९७५ साली. तोवर आजी गेली होती.

म्हणून ‘आपलेपणाचा शोध’ म्हटले की विमानतळ, पासपोर्ट आणि परदेशातला एकाकी प्राध्यापक एवढेच डोळ्यांपुढे आणणाऱ्या लेखांचा मला कंटाळा येतो. देश स्वतंत्र झाला, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे सैन्य गेले, तरी चुलीखालची जमीन कोणाची हा प्रश्न आमच्या घरात आणखी चौदा वर्षे तसाच होता.

आता लक्ष्मणराव सरदेसाईंबद्दल. सावई-वेऱ्याचे. जन्म १९०४. मराठी कथाकार म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रात झाले. पुढे त्यांनी पोर्तुगीजमध्येही लिहिले आणि कोकणीतही. त्यांच्या कोकणी लेखनाला १९८२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. दोन पाने चौतीस हजारांनी जिंकली. गंमत अशी की दोन पानांची बाजू लावून धरणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठी होते. महाराष्ट्रापासून वेगळे राहू द्या, हे लोकांना पटवायचे तरी मराठीतूनच पटवावे लागले. असा प्रसंग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर समीक्षकांनी त्यावर प्रबंध लिहिले असते.

आमचे घर फुलाचे. लक्ष्मणराव दोन पानांकडे गेले हे कळले त्या दिवशी वडिलांनी त्यांचा कथासंग्रह फळीवरून काढला आणि माळ्यावर टाकला. फाडला नाही, जाळला नाही, नुसता नारळांच्या राशीमागे टाकला. मी पंधरा वर्षांचा होतो, मला ते योग्यच वाटले. पुढे मी तीस वर्षे मराठी शिकवली. लक्ष्मणरावांच्या मराठी कथा वर्गात वाचल्या, पण त्यांच्या पोर्तुगीज लेखनाबद्दल मुलांना एक शब्द सांगितला नाही, कारण मलाच पत्ता नव्हता. मराठीवाल्यांनी त्यांची मराठी ठेवून घेतली, कोकणीवाल्यांनी कोकणी, आणि पोर्तुगीज कोणी विचारली नाही. तीन भाषांत जगलेल्या माणसाची आम्ही भावाभावांसारखी वाटणी केली.

जानेवारी २०१७मध्ये पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियु कोश्ता मडगावला वडिलोपार्जित घरी आले. ‘बाबुश’ या घरच्या लाडक्या नावाने त्यांचे किती कौतुक झाले! त्यांचे वडील ओर्लांदु द कोश्ता यांनी भाताच्या शेतात राबणाऱ्या कुणब्यांवर ‘उ सिग्नु द इरा’ ही कादंबरी लिहिली होती, आणि ती नेमकी १९६१ साली आली होती, हे त्या आठवड्यात मी चाळलेल्या एकाही मराठी वर्तमानपत्रात दिसले नाही. मुलाच्या जेवणाचा बेत मात्र छापून आला.

मागच्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याचा मुलगा आला. युरोपात त्याचे मित्र आहेत, त्यालाही तिकडे जायचे आहे. मुक्तीपूर्वी इथे जन्मलेल्यांची आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांची नोंद लिस्बनमध्ये करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, हे गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. त्यासाठी त्याला माझ्या आजोबांचा जन्मदाखला हवा होता. आजोबांचे नाव शंकर. पोर्तुगीज लिपिकाने ते ‘शेंकोर’ असे ऐकून त्यांच्या पद्धतीने ‘एक्स’ अक्षराने लिहिले. शंभरावर वर्षांनी एका कचेरीतल्या तरुण कारकुनाने ते इंग्रजीसारखे वाचले आणि आम्हाला विचारले, ‘हे झेंकोरा कोण?’ मुलगा हसला. मला हसू आले नाही असे नाही, पण घरी येईपर्यंत मी गप्प होतो. हिंदुस्थानचे नागरिकत्व सोडशील का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘आजोबा, घर तर इथेच आहे ना?’ त्या घराखालची जमीन आमची व्हायला किती वर्षे गेली, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. मीही सांगितले नाही.

आपल्याकडे मागणी एवढीच आहे. विमला देवींच्या आणि ओर्लांदुंच्या पुस्तकातली निदान काही पाने मराठीत छापा, आणि ती इंग्रजीवरून नकोत, थेट पोर्तुगीजमधून करून घ्या. गोव्यात ती भाषा जाणणारी मराठी माणसे अजून आहेत, बहुतेक सत्तरीच्या पुढची, तेव्हा फार वेळ लावू नये. आणि लेखकाच्या यादीत एक दुरुस्ती करावी: लक्ष्मणराव सरदेसाईंच्या नावापुढे नुसते ‘मराठी कथाकार’ छापले आहे, तिथे पोर्तुगीज आणि कोकणी हे दोन शब्द राहिले आहेत.

दाखला शोधताना माळ्यावरचे ते पुस्तकही सापडले. वाळवीने मागची चाळीस-पन्नास पाने नेली आहेत. बाकीचे वाचता येते.

आपला,
एक जुना वाचक
फोंडा, गोवा