सूचना : पोलिसांकडून होणाऱ्या वाहन-झडतीबाबत
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, अमेरिकेत केवळ वाहतूक नियमभंगासाठी गाडी थांबवली म्हणून पोलिसांना तिची झडती घेता येत नाही. मात्र गाडीत गुन्ह्याचा पुरावा असल्याचे मानण्यास सबळ कारण असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९२५ च्या कॅरोल निकालापासून संमती वा वॉरंटशिवायही झडती वैध ठरते. "डिकी उघडता का?" हा प्रश्न कितीही सहज विचारलेला असला, तरी तो संमतीच मागत असतो, आणि "झडतीला माझी संमती नाही" असे शांतपणे सांगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पावतीचे काम संपल्यावर, वाजवी संशय नसताना, निव्वळ श्वानपथकासाठी थांबवून ठेवणे २०१५ च्या रॉड्रिगेझ निकालानुसार घटनाबाह्य आहे. तरीही झडती सुरू झाल्यास कृपया आडवे जाऊ नये. आक्षेप न्यायालयातच मांडावा.
— सचिव