सांगलीवाडीच्या मिस्त्रीकाकांना आणि काकूंना

तीर्थस्वरूप काका-काकू,
साष्टांग नमस्कार.

रविवारी हरिपूरच्या संगमावर आपल्या होडीच्या शिडात पहिल्यांदा वारा भरला. वारणेच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. काठाला लागल्यावर तळावर हात फिरवला, कोरडा ठणठणीत. डोळे भरून आले, म्हणून हे पत्र.

काका, पहिलं सहा मिलिमीटरचं प्लायवूड एका दुकानदारानं 'मरीन', म्हणजे पाण्यात टिकणारं, म्हणून माझ्या गळ्यात मारलं होतं. वर मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, ७१० चा, छापही होता. आठ फुटी होडीचं अर्धं अंग तांब्याच्या तारेनं टाचून झालं, आणि वळवाच्या एकाच सरीत थर पापुद्र्यासारखे सुटले. कापलेला माल परत घेत नाही, म्हणाला. वर त्याचं शोकेस करा, असा सल्ला! तुम्ही मात्र तो पापुद्रा दोन बोटांत धरून एवढंच विचारलंत, "सर, ह्यात लेकीला बसवणार होता व्हय?"

नवं प्लायवूड आणलं तरी तुम्ही करवत लावेनात. आधी वीतभर तुकडा काकूंच्या हवाली केलात. अस्सल मरीन प्लायवूडचा कस ७२ तास उकळत्या पाण्यात लागतो, हे मीही वाचलं होतं. पण घरी करून कोण बघतं?

काकू, तुम्ही बघितलंत. तीन दिवस, तीन रात्री परसातल्या चुलीवर ते पातेलं. मध्यरात्री उठून शेणकुटं सारायची, पाणी आटलं की पुन्हा ओतायचं. त्याच दिवसांत घरात पाहुणे होते, हे मला फार उशिरा कळलं. चौथ्या दिवशी सकाळी तो तुकडा पदराला पुसून तुम्ही माझ्या हातावर ठेवलात. अजून गरम होता. कोपऱ्यात नख घालून पाहिलं, एकही थर हलला नाही.

जळणाचे पैसे विचारले तर काका, तुम्ही रागावलात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. "तवापासनं बघितल्याबिगर कुणाला पाण्यात घालत न्हाई," म्हणालात. लेक तुमची नाही, होडी तुमची नाही, तरी एवढी काळजी. दुसऱ्याचा जीव आपल्या घरातला मानणारी माणसं या नदीकाठी आहेत, म्हणून पुरानंतरही इथं राहावंसं वाटतं.

तो तुकडा डोलकाठीच्या बुडाशी बसवलाय. काकू, पुरापासून तुम्ही पाण्याजवळ जात नाही, हे काकांनी सांगितलं. वारा पडलेला असेल अशा सकाळी शीड न उभारता, काठाकाठानं नेईन. लाइफ जॅकेट आणलंय. याल ना?

आपला,
होडीवाला सर